जेवल्याबिगर तपासणी नाही

डॉक्टर सुखदेव कटरेचा मला हेवा वाटायचा, हे गोंदियात सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या कटरेला सोडून. भाजीबाजारातल्या कांदेवालीपासून तिकीटबाबूपर्यंत जो तो मला मुद्दाम विचारायचा, "काय डॉक्टरसाब, कटरे डॉक्टर के यहाँ आज बहोत भीड है. कोई बात?" मी म्हणायचो, साथ असेल. साथबिथ काही नसायची. कटरेच्या दवाखान्यात भात शिजलेला असायचा.

हे नीट सांगायला हवं. आम्ही दोघं नागपूरला एकाच वर्षी डॉक्टर झालो. मी अमरावतीकडचा, ज्वारीच्या मुलखातला. तो कामठ्याचा, पोवार शेतकऱ्याचा मुलगा, धानाच्या बांधावर वाढलेला. परीक्षेत मी त्याच्या पुढे असायचो आणि मेसच्या पाटावर तो माझ्या. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्याच वर्षी मी गोंदियात दवाखाना थाटला. तेव्हा आम्ही मध्य प्रांतात मोडत होतो. गाव मला आवडलं. रेल्वेचं जंक्शन, भाताच्या गिरण्या, बिडीचे कारखाने, मारवाडी-गुजराती व्यापारी, म्हणजे आजारही भरपूर आणि फीही वेळेवर. माझं बस्तान छान बसलं. आमगावच्या मुलीशी लग्न झालं. आणि मग, सगळं गाव मोकळं पडलेलं असताना, कटरेनं माझ्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर पाटी लावली. वर मलाच येऊन म्हणाला, "देशमुख, तू हायेस म्हनून आलो गा. एकट्याले करमत नाही मले."

मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

माणूस अवाढव्य होता. खुर्चीत बसला की खुर्ची दिसेनाशी व्हायची. सदऱ्याची पोटावरची बटणं कायम जिवावर उदार झालेली. टेबलावर औषधांच्या बाटल्यांच्या रांगेतच मुरमुऱ्यांचा डबा असायचा आणि बोलताबोलता त्याचा हात त्यात जाऊन यायचा. रोगी समोर बसला की आम्ही सगळे डॉक्टर विचारतो, काय होतंय? कटरे विचारायचा, "काय खाल्लं?" आणि असं विचारायचा की समोरचा माणूस दुखणं विसरून कालच्या जेवणाचं वर्णन करायला लागायचा. तांदूळ नवा होता की जुना, गिरणीचा होता की घरी कांडलेला, भाजी कशाची, तेल कोणतं. ऐकताना कटरेच्या तोंडाला पाणी सुटलेलं स्पष्ट दिसायचं. माझ्याकडे येऊन लोक कण्हायचे. त्याच्याकडे जाऊन गप्पा मारायचे. आता सांगा, हेवा वाटणार नाही तर काय वाटेल?

त्याला कॉलेजपासून एकच वेड होतं. खाल्लेलं अन्न शरीरात जातं कुठे? "हे पाय," तो मुरमुरे चावत म्हणायचा, "एक मानूस भात खाते अन् रोडका राहाते. दुसरा तेवढाच खाते अन् फुगते. तिसरा खाते अन् सारी साखर मुतून टाकते. काऊन?" पुस्तकात याची उत्तरं आहेत असं मी म्हटलं की तो गंभीरपणे मान हलवायचा. "आहेत. पन ते पुस्तक लिहिनाऱ्यानं आपल्याकडचा भात कुठं खाल्ला?"

या 'काऊन'पायी तो एका सेठच्या भाताच्या गिरणीत जाऊन बसायचा. तिथे पोती मोजायचा मोठा काटा होता. त्यावर त्यानं एकेक करून हमाल, मुनीम, दिवाणजी सगळे चढवले. हमाल एकमेकांची वजनं पोत्यांसारखी ओरडून सांगायचे आणि हसून लोळायचे. शेवटी खुद्द सेठजी चढले. दोन हमालांची बरोबरी झाली. सेठजी खाली उतरून म्हणाले, "कटरेजी, काटा खराब है क्या?" कटरे म्हणाला, "काटा ठीक आहे सेठजी, मानूस जास्तीचा भरला." सेठजी पोट धरून हसले. हे सेठजी पाच वर्षं माझे पेशंट. वजन कमी करा असं मी एकदा, अगदी आडवळणानं, सुचवलं होतं तर महिनाभर माझ्याकडे फिरकले नव्हते. कटरेच्या सांगण्यावरून त्यांनी तूप अर्ध्यावर आणलं आणि रोज रेल्वे फाटकापर्यंत पायी जायला लागले. जाताना माझ्या दवाखान्यावरून जायचे आणि मला नमस्कार करायचे. तो नमस्कार मला झोंबायचा.

पण सगळ्यांत जास्त झोंबलं ते मधुमेहाचं प्रकरण.

माझं मत पक्कं होतं. मधुमेह हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग. चिखलात धानाची रोवणी करणाऱ्याला तो होत नाही. हे मी नुसतं बोलत नव्हतो, तपासत होतो. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी उकळायची. साखर नसेल तर निळा रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, पिवळा, आणि फार असेल तर विटेसारखा तांबडा होतो. व्यापाऱ्यांच्या नळ्या रंग बदलायच्या. खेड्यातून आलेल्यांच्या निळ्याच्या निळ्या. मला त्या निळ्या रंगाचा अभिमान वाटायचा, जणू काही तो मीच त्यांना दिला होता.

एकदा आमगावकडची भागरता नावाची बाई माझ्याकडे आली. पायाला जखम, दोन महिने भरत नव्हती. मी लघवी तपासली, निळी. मलम दिलं. मलमानं काही होईना तेव्हा ती कटरेकडे गेली. नेमका मी तेव्हा त्याच्याकडे बसलो होतो, वर्तमानपत्र मागायच्या निमित्तानं. मला पाहून ती जरा ओशाळली. कटरेनं नेहमीप्रमाणे विचारलं, "काय खाल्लं, बाई?"

"काई नाई, भाऊ."

"काल?"

"काल सांजच्याले खाल्लं. आज डाक्टरकडे याचं होतं नं."

"मंग?"

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. "डाक्टरकडे कोनी खाऊन येते का गा? देवीच्या दर्शनाले जातो तसं उपाशी आलो."

कटरेचा मुरमुऱ्यांकडे निघालेला हात तिथेच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मलाही त्याच क्षणी समजलं, हे मी इथे आवर्जून नोंदवतो. आमच्या भागातली ही रीतच होती. डॉक्टरकडे जायचं म्हणजे अंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायचं आणि पोटात अन्नाचा कण न घालता निघायचं. मला ही रीत आवडायची, त्यात डॉक्टराचा मान होता. आणि अशी माणसं सकाळपासून उपाशी, कोस-दोन कोस चालून यायची आणि मी त्यांची लघवी तपासून म्हणायचो, साखर नाही! चांगला मुरलेला रोग असेल तर तो उपाशीपोटीही दिसतो. पण नुकता सुरू झालेला, आतल्या आत पोखरणारा, तो जेवल्यावरच तोंड बाहेर काढतो. ही गोष्ट आम्ही दोघांनी एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून ऐकली होती.

आत कटरेची विधवा आत्या राहायची. त्यानं तिला हाक मारली. "आते, भात आहे का? या बाईले वाढ. पोटभर वाढ." भागरता लाजत जेवली. दोन तासांनी कटरेनं नळी उकळली. मी तोवर तिथेच होतो, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा वाचून झाल्या होत्या. निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला आणि मग कौलासारखा तांबडा.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर खडूनं लिहिलेली फळी लागली: जेवल्याबिगर तपासणी नाही. आत्याच्या चुलीवर रोज मोठं पातेलं चढू लागलं. गावात चेष्टा झाली. कटरे डॉक्टर दवाखाना चलाता है के भोजनालय, असं लोक विचारायचे. पण बैलबंड्या त्याच्या दारात सुटायला लागल्या. कामठा, आमगाव, पार सालेकशापासून माणसं यायची, जेवायची, अंगणातल्या कडुलिंबाखाली लवंडायची आणि मग नळीत आपला रंग बघायची. रोवणी करणाऱ्यांमध्येही मधुमेह होता. सरसकट नव्हता, पण होता. माझ्या निळ्या मुलखावर त्यानं डाग पाडून टाकले.

इथवरचा हेवा व्यवसायातला होता. तो मला पेलत होता. पुढचा घरात शिरला.

माझी बायको विमल. तिची दोन बाळंतपणं झाली होती. दोन्ही वेळा दिवस भरत आले आणि दोन्ही वेळा अखेरच्या आठवड्यांत बाळ पोटातच गेलं. मी डॉक्टर, आणि मला कारण सांगता येत नव्हतं. बायका म्हणायच्या, दृष्ट लागली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आमच्या घरात कुणी त्याबद्दल मोठ्यानं बोलत नव्हतं. मी दर आठवड्याला विमलची लघवी तपासायचो. सकाळची, पहिली. निळी.

पाचव्या महिन्यात कटरे एका दुपारी घरी आला. विमलशी त्याचं गूळपीठ होतं, ती त्याच्या मुलखातली. माझ्याशी ती जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. मी सुरुवातीला तिच्या बोलण्याला दोन-चारदा हसलो होतो, तेवढं पुरलं. कटरे दारात आला की तिची जीभ मोकळी सुटायची. "कटरेभाऊ, काऊन इतके दिवस आले नाई?" त्या एका वाक्यात ती मला ओळखू येणार नाही इतकी आनंदी असायची. मी आतल्या खोलीत बसून ऐकायचो.

त्या दिवशी कटरेनं माझ्यासमोरच तिला सरळ विचारलं, "बाई, ते लेकरं केवढे होते?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मीही नाही. मला वाटायचं, तो विषय काढू नये. विमलनं दोन्ही हात पुढे करून माप दाखवलं आणि म्हणाली, "मोठे होते, भाऊ. लय मोठे. महिन्याच्या लेकरायेवढे." आणि रडायला लागली. लग्नानंतर ती माझ्यासमोर इतकी कधी रडली नव्हती.

कटरे तिचं रडणं संपेपर्यंत बसून राहिला. मग विचारलं, "दिवसभर खातेस काय?"

"काई नाई खात. दोन घास भात. जातच नाई."

"अन् पेज?"

"पेज पेतो नं. सकाळी एक गंज, दुपारी एक. पन पेज का खानं आहे का, भाऊ?"

भाताची निवळ काढून, मीठ घालून प्यायची पेज. आमच्या घरात ती रोज दोन गंज भरून पोटात जात होती आणि मी ज्वारीच्या मुलखातला माणूस तिला पाणी समजत होतो. विमलही तेच समजत होती. कटरे उठला. "देशमुख, उद्या दुपारी हिले माह्याकडे जेवाले पाठव."

"मी तपासलंय," मी म्हणालो.

"जेवल्यावर?"

मी पाठवली. नळी तांबडी झाली. कटरेनं दंडातून रक्त काढलं, बाटली रुमालात गुंडाळली आणि ते रक्त घेऊन स्वतः पॅसेंजरनं नागपूरच्या प्रयोगशाळेत गेला. पोस्टानं पाठवता आलं असतं, दुसऱ्या कुणाला तरी पाठवता आलं असतं. मी जायला हवं होतं खरं तर. पण मी कपडे करेपर्यंत त्याची गाडी सुटली होती. रक्तातही साखर निघाली. बाळं मोठी का व्हायची आणि अखेरीस का जायची, याचं उत्तर त्या कागदावर होतं. मला हायसं वाटलं, आणि ते उत्तर कटरेच्या खिशातून बाहेर आलं याचा त्याच वेळी जळफळाटही झाला. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

इन्सुलिन नागपूरहून यायचं. ते थंड ठेवायला फ्रीज कुठला? ओल्या रेतीत मडकं पुरून त्यात बाटली ठेवायची युक्ती कटरेची. भात मोजून, थोडाथोडा, चार वेळा. पेज बंद. विमल पेजेसाठी हळहळली, पण कटरेभाऊंनी सांगितलं म्हणून सोडली. मी सांगितलं असतं तर चोरून प्यायली असती, असं तिनंच मला पुढे हसत सांगितलं. सुई मी द्यायचो. तो हट्ट कटरेचाच होता. "नवरा तू आहेस बे, सुई तूच दे." मी सुई भरली की विमल विचारायची, "कटरेभाऊंनी एवढंच सांगितलं ना?" रोज विचारायची. मी रोज हो म्हणायचो.

खरी खडाजंगी आठवा महिना संपताना झाली. कटरेचं म्हणणं, दिवस पूर्ण भरू द्यायचे नाहीत. अखेरच्या आठवड्यांतच घात होतो, तेव्हा त्याआधीच बाळंत करायचं. मी साफ नाही म्हणालो. कोवळं बाळ जगवायला गोंदियात काय होतं? जनाना दवाखान्यात एक नर्स आणि चार खाटा. साखर आटोक्यात आहे, तर थांबू या. आमच्याच ओसरीवर आम्ही तासभर भांडलो. कटरेचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "कायले थांबतोस? दोनदा थांबलास नं!"

हे त्यानं बोलायला नको होतं, आणि ते खरं होतं. मी काही बोलायच्या आत दारातून विमल म्हणाली, "कटरेभाऊ म्हनतात तसंच करू." माझ्याकडे न पाहता म्हणाली, आणि तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा निर्णय माझ्या घरात, माझ्यासमोर, दुसऱ्याच्या शब्दावर झाला. मी चपला घालून बाहेर पडलो आणि स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो. तोवर कटरे जनाना दवाखान्यात तयारी करायला गेला होता.

ठरल्या दिवशी सकाळीच कळा आणल्या. मी जनाना दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा. नवरा म्हणून आत जायचं नाही, असा तिथला कायदा. डॉक्टर म्हणून गेलो असतो, पण डॉक्टर आत एक होता. दुपार उलटून गेल्यावर आतून एक बारीक, चिडका आवाज आला. मी दार ढकललं. कटरेनं बाळ गिरणीतून आणलेल्या छोट्या तागडीत ठेवलं होतं. एका पारड्यात मुलगी, दुसऱ्यात वजनं. त्याचा सदरा घामानं चिकटला होता आणि तो पारड्याकडे डोळे फाडून बघत होता.

"किती?" मी विचारलं.

"साधारन," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून पुन्हा, "साधारन आहे गा! अगदी साधारन!" आणि तो एवढा थोरला माणूस हुंदके देऊन रडायला लागला. विमल खाटेवरून त्याच्याकडे बघून रडत हसत होती. मुलगी माझी. बाप मी. मला वाटलं, या खोलीत सगळ्यांत शेवटी मीच पोहोचलो.

नागपूरला डॉक्टरांच्या सभेत कटरेनं या सगळ्यावर निबंध वाचला. भाताच्या मुलखातला मधुमेह, उपाशी येण्याची रीत, मोठाली बाळं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. लोक माना डोलवत होते. शेवटी त्यानं सांगितलं, हे काम माझं आणि माझे मित्र डॉक्टर देशमुख यांचं. टाळ्या झाल्या. शेजारच्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. परतीच्या गाडीत मी कटरेला म्हणालो, माझं नाव कशाला घेतलंस? तो डबा उघडत म्हणाला, "काऊन? पेशंट तुहे, बायको तुही, पोट्टी तुही. माहं काय त्याच्यात?" आणि एक पराठा माझ्यापुढे धरला. त्याच्या या दिलदारपणाचा मला जितका राग आला तितका त्याच्या हुशारीचाही कधी आला नव्हता. हेवा करणाऱ्याला भांडायला जागा तरी ठेवावी माणसानं. मी पराठा खाल्ला. चांगला होता.

त्या निबंधामुळे त्याला मुंबईला मोठ्या संस्थेत संशोधनाची जागा मिळाली. तोवर आम्हीही मुंबई राज्यात गेलो होतो, त्यामुळे लोक म्हणायचे, कटरे डॉक्टर राजधानीत चालले. निरोपाला अर्धं गाव स्टेशनवर. सेठजी, गिरणीचे हमाल, भागरता दोन्ही पायांवर उभी. आत्या आधीच डब्यात बसून पोटळ्या मोजत होती. कटरेनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सामान म्हणजे पुस्तकांच्या पेट्या आणि खाण्याचे डबे एवढंच.

माझी मुलगी तेव्हा वर्षाची व्हायची होती. अनोळखी माणसाकडे ती मुळीच जात नसे. माझ्या आईकडेही आठवडाभर गेली नव्हती. कटरे खिडकीत बसला आणि त्यानं बाहेर हात केले. तिनं माझ्या कडेवरून झेप घेतली. मी तिला खिडकीतून त्याच्याकडे दिलं. तो तिच्याशी त्यांच्या त्या बोलीत काहीतरी पुटपुटत होता, ती त्याच्या सदऱ्याचं ताणलेलं बटण ओढत होती आणि विमल खाली उभी राहून दोघांकडे बघत होती. शिट्टी झाली तरी तो तिला देईना.

"कटरे, दे तिला," मी म्हणालो. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला असावा, कारण विमलनं वळून पाहिलं.

"हो गा. घे. तुहीच आहे," कटरे म्हणाला, आणि तिला खिडकीतून माझ्याकडे सोडलं.

गाडी हलली. मुलगी माझ्या खांद्यावरून डब्याकडे झेपावत आकांत करायला लागली. मी तिला घट्ट धरलं. कटरेचे दोन्ही हात खिडकीबाहेर तसेच पसरलेले होते, गाडी फलाटाच्या टोकाला जाईपर्यंत ते दिसत होते. सगळं स्टेशन हात हलवत होतं. मला हलवता आला नाही, माझे दोन्ही हात तिला धरण्यात गुंतले होते.